ग्रांझाँ मास्तर आणि ते चौघे

लुसियाँ ग्रांझाँ आमच्या डोंगरातल्या मोरेझ गावचेच. चष्म्याच्या काड्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. पॅरिसला संगीत शिकून आले आणि पंचविसाव्या वर्षी आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर झाले. मी तेव्हा खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांत होते. मास्तरांनी हात उचलला, की दिवसभर चीज विकून कंबर मोडलेल्या आम्हीसुद्धा ताठ उभ्या राहायचो.

१९५६ च्या जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारची तालीम संपल्यावरही त्यांनी चार पुरुषांना थांबवून घेतलं. एका ओळीत त्यांचा सूर उतरत होता. त्यांतला मार्सेल सुतार म्हणाला, बर्फ पडायला लागलाय, घाट उतरायचाय आम्हाला.

"बर्फ काय, रोजचाच आहे," मास्तर म्हणाले. "अजून अर्धा तास."

त्या अर्ध्या तासात रस्ता गोठला. घाटात चौघांची गाडी दरीत गेली; एकही वाचला नाही.

गावानं मास्तरांना दोष दिला नाही. तेच त्यांना सोसलं नाही. महिन्याभरात ते लियोंला निघून गेले. तिथे वाद्यवृंदाचे संचालक झाले, नावारूपाला आले, पेपरात फोटो छापून आले. पण गाणाऱ्या माणसांसमोर बावीस वर्षं उभे राहिले नाहीत. त्यांची बायको एलेन मला पुढे सांगायची, की व्हायोलिनं हळू झाली की ह्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा. घरी येऊन म्हणायचे, ते चौघे अजून तीच ओळ चुकताहेत.

१९७८ मध्ये आईच्या दफनासाठी ते गावी आले. कबरस्तानाच्या फाटकाशी मार्सेलची विधवा योलांद उभी होती; तीही आता वृंदात गायची. मास्तरांनी टोपी काढली.

"योलांदबाई, माझ्यावर राग असेल ना?"

"आहे की. मरेपर्यंत राहील," ती म्हणाली. "पण वृंदाला मास्तर नाही. सगळे नुसते केकाटतात. शुक्रवारी सहाला या."

ते आले. मग लियों सोडून एलेनसह आईच्या घरीच राहायला आले आणि पुढे अकरा वर्षं दर शुक्रवारी येत राहिले. सूर कितीही उतरलेला असो, तालीम सातला म्हणजे सातला संपायची. कधी ते मध्येच सगळ्यांना थांबवायचे आणि रिकाम्या भिंतीकडे कान देऊन उभे राहायचे. आम्ही वाट बघायचो. नव्यांना आधीच बजावून ठेवायचो, हसायचं नाही.

योलांदचा राग काही गेला नाही. तरी शेवटच्या आजारपणात रोज सूपचं भांडं घेऊन तीच त्यांच्याकडे जायची.

त्यांच्या दफनाच्या दिवशी वृंदासमोर मास्तरांच्या जागी कुणीच उभं नव्हतं. आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मग योलांदनं हळूच सूर धरला आणि आम्ही सुरुवात केली.