रखमाजीची मुदत ठेव

डोंगरकड्याच्या रखमाजीनं जन्मभर मेंढरं राखली, पण बँकेची पायरी कधी चढला नाही. पैसा म्हणजे चार पायांवर चालणारा, एवढंच त्याला ठाऊक. गुडघे गेले तेव्हा त्यानं जवळा बाजारात सारी मेंढरं विकली आणि घरी येऊन रिकाम्या वाड्यापाशी बसला. बायकोनं, चांगुणाबाईनं, भाकरी पुढं केली तर म्हणाला, "ठेव तिकडं. आज भूक न्हाई."

तो पैसा लेकीच्या पुढल्या, शेवटच्या वर्षाच्या फीचा. शिवकन्या नांदेडला नर्सिंग शिकत होती. ही दोन हजार सातची गोष्ट. तिनं एका बँकेत खातं काढलं होतं, सगळा कारभार कॉम्प्युटरवरच. इंटरनेट कॅफेत बसून सगळी खाती ताडून पाहिली अन् गावी आल्यावर आईबापाला समजावून सांगितली. बचत खात्यातून कधीही काढा, पण व्याज चिमूटभर. दुसऱ्यात दर महिन्याला थोडं थोडं टाकत जायचं. आणि मुदत ठेवीत एकदा ठेवलं की मुदत भरेपर्यंत हात लावायचा नाही. व्याज सगळ्यात जास्त.

ऐकता ऐकता रखमाजी खुलला. "म्हंजे बचत खातं ही दुभती शेळी, रोज लोटाभर काढा. दुसरं म्हंजे एकेक कोकरू जमवणं. अन् तुही मुदत ठेव म्हंजे गाभण मेंढी!"

"बराबर, बा!" पोरगी टाळी वाजवून हसली. चांगुणाबाईलाही नवऱ्याचं कौतुक वाटलं. अडाणी माणूस, पण डोकं बघा! पैसा मुदत ठेवीत गेला.

पुढच्या हिवाळ्यात रखमाजीचं पोट दुखायला लागलं. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, उशीर करू नका. दारातल्या दोन शेळ्या विकल्या, तो पैसा तपासण्यांतच गेला. चांगुणाबाई म्हणाली, "अवो, पोरीला सांगून ती ठेव मोडा."

"येडी झाली का? गाभण मेंढी कोणी बाजाराला न्हेतं का? पोटातलंबी जातं अन् मेंढीबी जाते."

त्यांच्या भावकीत कितीही नड आली तरी गाभण जनावर विकत नसत. चांगुणाबाईही मेंढपाळाचीच लेक, तिलाही ते पटलं. मुदतीआधी मोडली तर मुद्दलसुद्धा बुडणार, असंच दोघं धरून बसली. विचारावं तरी कुणाला? त्या बँकेला गावात ना दार, ना शिपाई, ना ओळखीचा साहेब.

एकदा मात्र तिला राहवलं नाही. चौकातल्या फोनच्या डबड्यात रुपया टाकून तिनं लेकीला फोन लावला.

"माय, काहून फोन केला? समदं बरं हाय ना?"

"व्हय. तुहा आवाज ऐकावा वाटला."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. तुम्ही म्हणाल, तोंड उघडायला काय झालं होतं? सांगणं सोपं असतं हो! एकुलती लेक, तोंडावर आलेली परीक्षा, अन् वरून लेकीला कळवू नको म्हणून नवऱ्यानं घातलेली शपथ. बाई घरापर्यंत रडत आली आणि दारात डोळे पुसून आत गेली.

औंढ्याची शिवरात्रीची जत्रा सरली आणि रखमाजी गेला. मुदत भरायला थोडेच दिवस राहिले होते.

शिवकन्या आली ती ऊर बडवतच. "मला काहून न्हाई सांगितलं? ऑपरेशन काहून न्हाई केलं?"

"तुही ठेव गाभण मेंढी हाय, मोडायची न्हाई म्हणून बसले ना! समदा पैसा बुडला असता."

पोरीचं रडणं एकदम थांबलं. "माय, ती कधीबी मोडता येत होती. याज थोडं कमी भेटलं असतं, बस."

"फकस्त याज?" चांगुणाबाईनं विचारलं. मग पुन्हा तेच विचारलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. आग लागो असल्या शहाणपणाला! शिवकन्या कपाळ बडवून घ्यायला लागली. "माहीच चूक, माय. तवा म्याच बराबर म्हणले."

बाहेर ओसरीवर भावकीतली माणसं बसली होती. चांगुणाबाईनं लेकीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"चूप. हे कुणाला सांगू नको. तुह्या बाला लोक येडा म्हणतील."