पावडरची राणी
लेकीला गॅदरिंगमध्ये राणी व्हायचंय. तिनं पावडरचा डबा पुढं केला आणि त्या वासानं मला अंबडच्या कॉलेजमागचं तापलेलं मैदान आठवलं. सातवाहन राणीवर आम्ही मोबाईलवर फिल्म करत होतो, राणी मी होते. "राणी गोरीच पाहिजे," म्हणत दिग्दर्शक मित्रानं माझ्या सावळ्या तोंडावर पावडर थापली. घामानं तिचे ओघळ झाले. मोबाईल धरलेली मैत्रीण भडकली, "ह्याच उन्हात राज्य केलं ना तिनं? मंग गोरी कशी राह्यली?" वाद असा पेटला, की सगळे एकदमच ओरडायला लागले. मी सरळ नळाखाली तोंड धुतलं, ओल्या केसांवर मुकुट चढवला आणि म्हणाले, "चल, कर चालू!" मित्रानं हाताची पावडर झटकली आणि म्हणाला, "बिलकुल राणी!" आज मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि लेकीच्या डोक्यावर नुसता मुकुट ठेवला.