पोडावरची संमती

समाजकार्य शिकायला नांदेडला जाते म्हटल्यावर लातूरच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. बाहेरगावची पोरं सायकलींवरून एका क्लासातून दुसऱ्या क्लासात पळायची, आणि ज्याच्या घरात एक खोली रिकामी तो घरमालक झाला होता. "आधी डॉक्टर हो, मग कर हवी तेवढी समाजसेवा," वडील म्हणाले. पण मला पाठांतराचा उबग आला होता. नांदेडला निदान माणसांशी काम पडेल, असं वाटलं होतं.

कशाचं काय! आमचे क्षेत्रकार्याचे सर लातूरचेच निघाले. भूकंपानंतर त्यांनी पुनर्वसनात काम केलं होतं, मग काही वर्षं स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवला होता, आणि आता या दोन्हींची खिचडी करून ते आम्हाला आदिवासी विकास शिकवत. प्रवेश, विश्वास, गरज, संमती. हे टप्पे फळ्यावर लिहायचे आणि आमच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. "विश्वासासाठी काय करायचं?" की सगळा वर्ग ओरडायचा, "पाणी मागायचं!" कुणाच्या घरचं पाणी प्यालं की त्याला आपण परके वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं, पण ओरडून म्हटल्यावर तेही खोटं वाटायला लागायचं. आणि संमती घ्यायची ती हात वर करायला लावून, तिथल्या तिथं. "विचाराला वेळ दिला की माणूस बिघडतो," सर म्हणायचे, आणि आम्ही तेही लिहून घ्यायचो.

आम्हाला माहूरच्या डोंगरातला एक पोड मिळाला. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. मधोमध चावडी आणि तिच्याकडे तोंड करून सगळी घरं, असा तो होता. कुडाच्या भिंती, गळकी छपरं. तिथं सरकारी घरकुलं व्हायची होती आणि लोकांची संमती घ्यायचं काम आमच्या समाजकार्य विभागाकडे आलं होतं. पक्की घरं नकोत असं कोण म्हणेल? पण सरांनी नकाशा दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. घरं पोडावर नव्हतीच. खाली रस्त्याला लागून, सरळ रांगांमध्ये होती. "लातूर पॅटर्न," सर कौतुकानं म्हणाले.

लातूर पॅटर्न मी राहून बघितला होता. आमचं गाव किल्लारीकडचं. भूकंपानंतर तेही असंच रांगांमध्ये बसवलं. आईची जन्माची मैत्रीण, जिच्याशी ती भिंतीवरून बोलायची, तिला घर मिळालं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी आई गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत यायची. "एवढ्या लांब कुठं जायचं, भाजी करपती," म्हणायची. हळूहळू तिचं बोलणंच आटलं. घर मात्र पक्कं होतं, भिंतीला एक चीर नव्हती. हे सगळं मी सरांना वर्गात उभं राहून सांगितलं. "भावना आणि नियोजन यांची गल्लत करायची नाही," सर म्हणाले. "लिहून घ्या." आणि सगळ्या वर्गानं खाली माना घालून लिहून घेतलं. एकेकाची पेनं हिसकून खिडकीतून फेकावीत असं मला वाटलं.

पोडावर गेलो तेव्हा कडक उन्हाळा होता. चावडीत आमच्यासाठी सतरंजी टाकली होती. टेकल्या टेकल्या आमच्यातल्या प्रत्येकानं पाणी मागितलं. तहान असो नसो, विश्वास संपादन करायचा होता ना! सगळ्यांचा विश्वास संपादन होईपर्यंत एका म्हातारीची घागर रिकामी झाली आणि ती बिचारी पाण्याला परत खालच्या ओढ्यावर निघाली. लाजेनं माझी मान वर होईना.

सरांनी नकाशा पसरला. पोडाचा नाईक, म्हणजे त्यांचा प्रमुख, समोर बसला होता.

"पक्की घरं पाहिजेत ना?"

"हाव," नाईक म्हणाला.

"खाली, रस्त्याला लागून? रांगेत?"

नाईकानं चावडीच्या खांबांकडं बघितलं, मग घरांकडं, मग आमच्याकडं. "हाव," तो म्हणाला. सर म्हणाले हात वर करा, की सगळ्यांनी हात वर केले. बायांनी तर मान वर न करताच. जेवणाच्या आत काम उरकलं म्हणून सर खूश झाले.

मी चुलीपाशी जाऊन त्या म्हातारीला विचारलं, "आजी, खरंच खाली जायचं का तुम्हाला?"

"जेव आधी," ती म्हणाली आणि माझ्यापुढं भाकर टाकली.

सरांचा राग येत होताच, आता या लोकांचाही यायला लागला. अहो, बोला की! तुमची चावडी चालली, शेजार चालला, आणि तुम्ही आम्हाला डाळ वाढताय? परतीच्या वाटेवर मी सरांना म्हटलं, "ही संमती नाही, सर. त्यांचे चेहरे बघितले का तुम्ही?" "चेहऱ्याला मार्क नसतात," सर म्हणाले. नकाशा संमतीसकट वरच्या कार्यालयात गेला.

पुढच्या आठवड्यात नाईक आणि ती म्हातारी आमच्या विभागाच्या व्हरांड्यात उभे. माहूरहून एसटीनं आले होते. धुतलेले कपडे, पायांवर धूळ. मी त्यांना सरांच्या खोलीत नेलं.

"साहेब," नाईक म्हणाला, "आमाले खाली घरं नको. जिथं राहून राहिलो तिथंच पायजेत, चावडीभोवती."

सर चमकले. "अहो, पण तुम्हीच तर हो म्हणालात! सगळ्यांनी हात वर केले!"

"केले ना," नाईक शांतपणे म्हणाला. "तुमी पाव्हणे. आपल्या दारात आलेल्याले न्हाई कसं म्हणावं? आमच्यात तसं न्हाई चालत. म्हणून आमी तुमच्या दारात आलो."

नकाशा पुढं गेलाय, आता अवघड आहे, असं काहीबाही सर बोलत राहिले. मग म्हणाले, "असं करू, मी परत पोडावर येतो. नीट समजावून सांगतो."

"या की," म्हातारी लगेच म्हणाली. "जेवाले या. हाव म्हणू."

सरांचा चेहरा खुलला. त्यांनी विजयी नजरेनं माझ्याकडं बघितलं.

"अन् मंग परत हितं येऊ," म्हातारी म्हणाली. "तुमी येसान तितक्या बारी येऊ."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फोन ओढला आणि त्या दोघांच्या देखत नकाशा परत मागवला. "आमच्याकडून चुकून आला," असं ते फोनवर सांगत होते. मला एकीकडं हसू येत होतं आणि दुसरीकडं इतका राग, की मी व्हरांड्यात जाऊन रडले. भूकंपानंतर लातूरहून आलेल्या साहेबांना आमच्या गावानंही सगळ्याला होच म्हटलं होतं. नाही म्हणायला मात्र आमच्यातलं कुणी लातूरला गेलं नाही.