हॅम रेडिओवर गाणं चालत नाही

मंडळी, मी डोंबिवलीतला हौशी हॅम रेडिओवाला, म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या वायरलेस सेटवर दुसऱ्या हौशींशी गप्पा मारणारा. आमच्याकडे गाणी, जाहिराती, राजकारण काहीच चालत नाही. थोडक्यात, तुमच्या ग्रुपवर जे दिवसभर चालतं ते सगळं आम्हाला बंद.

आज सकाळी कल्याणचे नाना रेडिओवर आले. काकूंना जाऊन वर्ष होतंय. म्हणाले, "अरे, जुन्या कॅसेटमध्ये हिचं गाणं सापडलंय. लावू का?"

मी पडलो नियमवाला. "नाना, परवानगी नाही. इंटरनेटवर टाका की, हजार लोक ऐकतील."

"हजार कशाला रे? तू ऐकलं असतंस," म्हणाले आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

दहा वर्षं रोज बोलतोय, पण समोरासमोर भेटलेलो नाही. कल्याण इथून पंधरा मिनिटांवर.

"गाणं ऐकायला घरी येतो," एवढं म्हणायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. मला ते सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं असतं?