बुटक्यांची वेगळी ओळ

संशोधनाचा पेपर दुसऱ्यांदा परत आला तेव्हा धाकटीनं लॅपटॉप असा आपटून मिटला, की शेजारच्या खोलीतून आई ओरडली, "मोडलास का?"

तो पेपर छापून आला नाही तर संस्थेतली नोकरी पुढे वाढणार नव्हती. आणि परीक्षकाचं तेच तुणतुणं: दूरच्या लहान दीर्घिका आजच्या मोठ्या दीर्घिकांचं बालपण आहेत, हे कशावरून?

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्या. एखादी वाढताना बघायला माणसाचा जन्म पुरत नाही. दुरून येणारा उजेड जुना असतो, म्हणून धाकटी दूरच्या लहान दीर्घिका आधी, जवळच्या मोठ्या नंतर मांडायची आणि वाढीचा हिशेब काढायची. याहून वेगळं काय करायचं असतं, कपाळ?

"तोंड पाडून बसू नकोस, माझे फोटो लाव," आई म्हणाली. ती शाळेतून निवृत्त होत होती. समारंभासाठी तिच्या लहानपणापासूनचे फोटो पुठ्ठ्यावर हवे होते. धाकटीनं वैतागून जुने फोटो उंचीप्रमाणे लावले आणि डिंक फासून मोकळी झाली.

मावशी आली, चष्मा सावरून वाकली आणि हसतच सुटली.

"अगं शहाणे, या पहिल्या चार फोटोंत मी आहे!"

"कसं शक्य आहे? फोटो जुना, उंची कमी..."

"उंची अजून कमीच आहे! ताई ताडमाड झाली, मी राहिले इथंच."

धाकटी चरफडत फोटो उपटू लागली, तसा मावशीनं तिचा हात धरला. "फेकतेस काय? मी काय हिचं बालपण होते? माझी वेगळी ओळ कर."

धाकटी तशीच थांबली. परीक्षक हेच तर म्हणत होता! त्यामुळे तर ती आणखीच भडकली.

"आता काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. मावशी आणि तो परीक्षक, दोघंही डोक्याला ताप आहेत."

ज्या लहान दीर्घिकांमध्ये नवे तारे घडणं तेव्हाच थांबलं होतं, म्हणजे ज्या मावशीसारख्या बुटक्याच राहणार होत्या, त्यांची तिनं वेगळी ओळ केली. हिशेबातली दिमाखदार वाढ निम्म्यावर आली.

परीक्षकाचं उत्तर आलं: पटलं, फक्त शीर्षकातला 'झपाट्यानं' काढा.

दातओठ खात तिनं तो काढला. नोकरी वाढली. मावशी मात्र अजून भेटेल त्याला सांगते, पेपर आपणच सुधारला म्हणून.