अक्कम्माच्या नडग्या

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आज जी पोरं मिसरूड फुटल्याबरोबर गाड्या उडवत हिंडतात ना, त्यातली निम्मी अक्कम्माच्या नडग्यांवर पालथी पडून रडलेली आहेत. खोटं वाटत असेल तर त्यांच्या आयांना विचारा. बत्तीस वर्षं ती घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत होती. पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायचं, पाय लांब करायचे आणि दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळ ठेवायचं. मग तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी. बाया म्हणायच्या, "अक्कम्मा, तुमच्या पायात काय जादू हाय की!" तर ही म्हणणार, "जादू कसली यव्वा, हाडं रुंद दिलीत देवानं."

स्वतःच्या घरात मात्र पाळणा हलत नव्हता. नवरा लवकर गेला. एकुलती लेक सिद्धेश्वरी, तिच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, लेक-जावई हिच्यापाशीच राहायचे. जावई गुरुशांत चिंचोळी एमआयडीसीत कामाला, माणूस देवासारखा, कधी वाकडा शब्द नाही. पण पेठेतल्या बायांच्या तोंडाला कोण हात लावणार? "आमचं नातवंड धुतलंत, तुमच्याकडं कधी?" असं कुणी खोचून विचारलं की अक्कम्मा हसण्यावारी न्यायची आणि घरी येऊन दार लावून रडायची. देवापुढं तिचं मागणं एकच होतं. लेकीचं बाळ आपल्या पायांवर न्हाऊ घालायचं, मग डोळे मिटले तरी चालतील.

तीन वर्षांपूर्वी त्याच पायांनी दगा द्यायला सुरुवात केली. आधी नडग्या ठणकायच्या, मग मांड्या, मग कंबर. पाटावरून उठताना हात टेकायला लागले, पुढं भिंत धरावी लागली. चाल तर अशी झाली की दोन्ही बाजूंना हेलकावे. शेजारची दगडाबाई म्हणाली, "बत्तीस वर्षं वल्ल्यात बसलीस, वात न्हाय तर काय हुईल?" झालं! वर्षभर तेल चोळलं, निरगुडीच्या पाल्यानं शेकलं, ठणका काही हटेना. शेवटी गुरुशांतनं रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर नुसता अंगठा दाबला, तर अक्कम्मा किंचाळली. रक्ताचा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी चार. निदान वीस तरी हवं. "हाडं मऊ पडलीत तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे उन्हातून मिळतं."

अक्कम्मा एवढ्या दुखण्यातही हसली. "अवो बाई, सोलापुरात ऊन कमी पडतंय व्हय? हितं ऊन फुकट वाटलं तरी कोण घ्यायचं न्हाय!"

"ऊन भरपूर आहे. तुम्ही कधी असता उन्हात?"

खरंच, कधी असायची? उजाडता उजाडता पहिल्या घरात शिरायची. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या न्हाणीची खिडकीसुद्धा बंद. एका न्हाणीतून दुसऱ्या न्हाणीत, गल्ल्या अशा अरुंद की सूर्य आत डोकावायचा नाही, आणि डोक्यावरून इरकलीचा पदर. दुपारी भाकरी खाऊन दार लावून आडवं व्हायचं. बाजाराला नव्या पेठेत जायचं ते दिवस कलल्यावर. उन्हाशी हाडवैर धरूनच तर आपण सोलापूरकर जगतो. तिला एकटीला काय नावं ठेवायची?

डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक अशा आठ पुड्या दिल्या, दुधातून घ्यायच्या. मग महिन्याला एक, आणि पुन्हा रक्त तपासायचं. वर सांगितलं, सकाळी दहानंतरचं ऊन घ्या, हातपाय उघडे ठेवून, वीसेक मिनिटं.

आता तुम्हीच सांगा, अठ्ठावन्न वर्षांच्या विधवा बाईनं भर दहा-अकराला गच्चीवर लुगडं वर करून बसायचं? चहूबाजूंनी तिमजली घरं आणि खिडक्याखिडक्यांत माणसं! शिवाय जन्मभर बाळंतिणींना तिनं स्वतःच बजावलेलं, बाळाला कोवळं ऊन द्या, चढतं ऊन वैऱ्यालाही नको. डॉक्टरीण कालची पोर, तिला काय कळतंय, असं मनाशी म्हणत अक्कम्मा रोज साडेसहाला ओट्यावर बसायची. डोक्यावर पदर, पाय झाकलेले, हात फक्त कोपरापर्यंत उघडे. अगदी श्रद्धेनं बसायची हो. एक दिवस चुकवला नाही.

आठ पुड्यांनी ठणका गेला, भिंत न धरता उठता यायला लागलं. तिला वाटलं, ऊनच पावलं. महिन्याच्या पुडीला तिनं फाटा दिला. गुरुशांतनं विचारलं तर म्हणाली, "आता कशाला? ऊन घेतेय की रोज."

आणि त्यातच सिद्धेश्वरीला दिवस गेले. नऊ वर्षांनी! अक्कम्मानं गल्लीभर साखर वाटली. सगळी घरं सोडली. कुणी बोलवायला आलं की सांगायची, "औंदा न्हाय. लेकीसाठी पाय राखून ठेवलेत."

लेकीला सातवा लागला आणि ठणका परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. ही बया चकार शब्द बोलली नाही. कळलं तर बाळ पायावर देणार नाहीत, ही एकच भीती. ओठ चावून फिरायची आणि लेक समोर आली की हसायची. तेव्हा एक शब्द बोलली असती तर! पण नाही बोलली.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिली आंघोळ. अक्कम्मानं सिद्धेश्वरीला न्हाणीच्या दारात बसवलं, आपण भिंत धरून पाटावर टेकली, पाय लांब केले. पावणेतीन किलोचा तो जीव नडग्यांवर आला आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. तेल झालं, पीठ झालं. पाण्यासाठी ती बादलीकडं वळली आणि जांघेत कट्कन काहीतरी मोडलं.

डोळ्यांपुढं अंधार आला. पण पाय तसूभर हलू दिला नाही तिनं. तांब्या घेतला, पाणी कोपराला लावून पाहिलं, अंगावरचं पीठ धुतलं, काना-नाकात थेंब जाऊ दिला नाही. पंच्यात गुंडाळलं. "घे. मान धर नीट," म्हणाली. बाळ लेकीच्या हातात गेलं, तेव्हा कुठं भिंतीला डोकं टेकलं. "आता गुरुशांतला हाक मार. माझ्यानं उठवत न्हाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पुड्या का थांबवल्या, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि साडेसहाच्या उन्हाचं ऐकून कपाळाला हात लावला. "त्या उन्हात ते व्हिटॅमिन जवळजवळ नसतंच हो, आजी." सिद्धेश्वरीचं रक्त तपासलं, तिचंही कमी निघालं. तिला पुड्या, बाळाला थेंब सुरू झाले. अक्कम्मानं विचारलं, "मी पाटावर कधी बसीन?"

"काठी घेऊन चालाल. पण खाली नाही बसायचं. आता कधीच नाही."

आता ती पुढच्या खोलीत कॉटवर असते. पुडी आता चुकत नाही. नातीला सिद्धेश्वरीच टबात न्हाऊ घालते, अक्कम्मा कॉटवरून सांगत राहते, मान धर, पाणी बघ. परवा आंघोळ झाल्यावर लेकीनं बाळ आणलं आणि आईला बरं वाटेल म्हणून तिच्या पसरलेल्या पायांवर अलगद ठेवलं. अक्कम्मानं हात पुढं करून तिची मान सावरली. मग म्हणाली, "उचल गं तिला."

"दुखतंय का, अव्वा?"

"दुखत न्हाय. पायावर ठेवलीस की मला आशा लागतीया."