शेवटी उरलेले एक घर

कुसुमताई ढवळे यांच्या साठीचा सत्कार येत्या शनिवारी सकाळी अकराऐवजी दुपारी चार वाजता होईल, असे सत्कार समितीचे चिटणीस बबनराव यांनी काल संध्याकाळी फोनवर सांगितले. मी कारण विचारले. "आवो, ज्यांचा सत्कार त्याच न्हाईत सकाळी. पोरं घेऊन जामखेडला चालल्यात," ते म्हणाले. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा दिवस आणि सत्काराचा दिवस एकच निघाला होता. यंदा मुलांबरोबर दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का, असे समितीने बाईंना विचारून पाहिले. बाईंनी उलट विचारले, "सत्कार नेमका कशाबद्दल करताय?" त्यावर समितीने वेळ बदलली.

खर्ड्याजवळच्या आमच्या वस्तीवरील प्राथमिक शाळेत बाईंनी उभी हयात शिकवले. दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, पण पाचवीच्या मुलांची परीक्षेची तयारी त्यांनी सोडलेली नाही. ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच, पाचवीत असताना देता येते. निवड झाली की सहावीपासून राहणे, जेवण, शिक्षण सगळे त्या शाळेत. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्या मुलांसाठी ही जागा फार मोलाची असते. यंदा बाईंची चौदा मुले बसत आहेत. त्यांत वस्तीवरच्या अंगणवाडी सेविका अनिता यांची मुलगी राणी आहे. अनितांनीही हीच परीक्षा दिली होती, बाईंच्याच हाताखाली. त्या वेळी काय झाले, हे सांगितल्याशिवाय बाईंच्या कामाविषयी लिहिता येणार नाही.

माझी आणि बाईंची ओळख त्याच्याही थोडी आधीची. मी तेव्हा नुकताच तालुक्याचा वार्ताहर झालो होतो. परीक्षेची बातमी करायची म्हणून कॅमेरा घेऊन केंद्रावर गेलो आणि फाटकातून आत जाणाऱ्या मुलांना थांबवून रांगेत उभे करू लागलो. इतक्यात मागून आवाज आला, "ओ पेपरवाले, तुमच्या बातमीला उद्याची सकाळ आहे. ह्यांना दोनच तास आहेत. बाजूला व्हा." मी बाजूला झालो. पेपर सुटल्यावर बाईंनी स्वतः मुलांना गोळा करून माझ्यापुढे उभे केले आणि म्हणाल्या, "आता काढा हवे तेवढे." त्या फोटोत सगळी मुले हसत आहेत. तो मी अजून जपून ठेवला आहे.

अनिता त्यानंतर एक-दोन वर्षांनी परीक्षेला बसल्या. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, असे बाई तेव्हा म्हणत. न येणारा प्रश्न सोडून पुढे जायचे आणि वेळ उरला तर परत यायचे, हे बाईंनी मुलांकडून घोटून घेतले होते. परीक्षेत उत्तरे वेगळ्या कागदावर, छापलेल्या घरांत लिहायची असत. तसा कागद वस्तीवर मिळत नव्हता, म्हणून सराव वहीतच चाले. परीक्षा देऊन जीपमधून परतताना, मीही बरोबर होतो, दहा वर्षांची अनिता खुशीत म्हणाली, "बाई, त्येंनी एक घर जास्तीचं छापलं हुतं. माझं शेवटी उरलं."

ते ऐकून मी एकटाच हसलो. पोरीने एक प्रश्न सोडला होता, पण उत्तराच्या कागदावर त्याचे घर मोकळे ठेवले नव्हते. तिथपासून पुढचे प्रत्येक उत्तर एकेक घर वर सरकले होते. बाईंना हे त्याच क्षणी कळले. जीपमध्ये त्यांनी फक्त तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट बांधला.

निवड झाली नाही. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला निघाले, तेव्हा अनितालाही बरोबर घेऊन गेले. सुट्टी संपून शाळा उघडल्यावर बाईंना हे समजले. गळीत हंगामाच्या बातमीसाठी मी देवळाली प्रवराकडे निघालो होतो. अनिताच्या आईवडिलांची टोळी तिकडेच उतरली होती. बाई म्हणाल्या, "मी येते. मला एका ठिकाणी चूक कबूल करायची आहे."

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. फडातून आलेली माणसे पाचटाच्या झोपड्यांपुढे, आपापल्या कोप्यांपुढे टेकली होती. अनिताच्या आईने पोत्याची घडी घालून बाईंना बसायला दिली. बाईंनी लगेच सांगून टाकले, "अनिताला पेपर येत होता. माझ्या शिकवण्यात चूक झाली."

"तुमी कशाला चुकताय?" आई म्हणाली. "पेपर तुमी लिव्हला का?"

बाईंनी उसाच्या कांड्या जमवून जमिनीवर एका ओळीत मांडल्या आणि प्रत्येक कांडीपुढे एकेक खडा ठेवला. मग एक खडा मधूनच उचलून त्यामागचे सगळे खडे एकेक कांडी पुढे सरकवले. शेवटची कांडी उघडी पडली. "हे असं झालं. हिनं खडे बरोबर आणले होते. कुठं ठेवायचे ते मी दाखवलं नव्हतं."

अनिताच्या वडिलांनी उघड्या कांडीवर बोट ठेवले. "म्हंजी हिला येत हुतं?"

"येत होतं."

"मी तर सहा म्हैने हिला ढ म्हनतोय."

"म्हनतोय काय, परवा मुकादमाफुडंबी म्हनलाव," आई तडकली. मग मुलीकडे वळून म्हणाली, "आयकलं का गं?"

अनिताने ऐकले होते. तिने बाईंना एवढेच विचारले, "मग आता जाऊन ते नीट करता येतंय का?"

"ते नाही येत, बाळा," बाई म्हणाल्या. "पुढचं येतं."

दुसऱ्या दिवशी अनिता आमच्याबरोबर एसटीने परत आली आणि हंगाम संपेपर्यंत बाईंच्या घरी राहिली. पुढेही दर हंगामात ती त्यांच्याकडेच असे. बारावी तिथूनच झाली. बाई हे कुणाला सांगत नाहीत. मला हे मांडायची परवानगीही त्यांनी नव्हे, अनितांनी दिली.

बाईंच्या शिकवण्याला त्यानंतर वेगळे वळण लागले. उत्तराचे कागद त्या कार्बन लावून हाताने आखू लागल्या. दर दहा प्रश्नांनी थांबायचे, प्रश्नाच्या आकड्यावर एक बोट, उत्तराच्या आकड्यावर दुसरे, दोन्ही जुळले की पुढे. आता घरांऐवजी गोळे काळे करायचे असतात, पण बोटे तीच आहेत. परीक्षेच्या आठवडाभर आधी त्या मुलांना केंद्रावर नेऊन बाकावर बसवतात, पाण्याचा नळ दाखवतात, मुलींना स्वच्छतागृह दाखवतात. "ते ठाऊक नसलं की पोरगी निम्मा पेपर मांड्या आवळून लिहिते," असे त्यांनी एकदा शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांनाही सुनावले होते.

अनोळखी माणसाच्या नजरेखाली लिहायची सवय व्हावी म्हणून सरावाला पर्यवेक्षकही बाहेरचा लागतो. पोस्टमन, कंपाउंडर, एकदा एक जमादार, आणि बऱ्याचदा मी. मला हसायला बंदी असते. एका वर्षी मला खोकला झाला होता, तेव्हा एका मुलीने उठून तक्रार केली, "बाई, ह्ये सायेब लई खोकत्यात."

"खोकू दे. त्या दिवशीबी कुणीतरी खोकंल. लिही."

अशा तयारीने मुले पोपट होतात, असे म्हणणारेही आहेत. मी स्वतः एकदा तसे छापले होते. बाईंनी कात्रण वाचले, घडी करून परत दिले आणि म्हणाल्या, "परीक्षा चांगली का वाईट, ते तुम्ही मोठ्या माणसांनी भांडून ठरवा. तोवर माझ्या पोरांना ती देता आली पाहिजे." पुढच्या रविवारी पर्यवेक्षक म्हणून मलाच बोलावले. माझ्या मताला त्यांनी तेव्हा नावे ठेवली नाहीत आणि नंतरही कधी ठेवली नाहीत.

या लेखासाठी गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ओसरीत मुलांचा सराव चालला होता. अनिता दाराशी उभ्या होत्या. मुले पाणी प्यायला उठली, तशा त्या बाईंजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बाई, ह्या टायमाला हुईल ना?"

"पेपर राणीचा आहे, अनिता. तू तुझा परत लिहायला बसू नको."

"मी कुठं काय म्हनले?"

"म्हणाली नाहीस. सकाळधरनं तीनदा तिचं पेन बघितलंस."

अनिता हसल्या आणि पदराने तोंड पुसत माझ्याकडे वळल्या. "बगा, अजून मला पाचवीतलीच धरत्यात."

बाईंना यापुढेही अशीच ठणठणीत प्रकृती लाभावी, एसटीची पायरी आणखी पुष्कळ वर्षे त्यांनी एका दमात चढावी आणि आमच्यासारख्या खोकणाऱ्या पर्यवेक्षकांना दटावत राहावे, ही त्यांच्या सगळ्या माणसांच्या वतीने सदिच्छा.

शनिवारी दीड वाजता पेपर सुटेल. दर वर्षी फाटकाशी बाई उभ्या असतात. यंदा त्यांनी ती जागा अनितांना दिली आहे आणि एक अटही घातली आहे: कुणालाच, राणीलाही, पेपर कसा गेला हे विचारायचे नाही. भूक लागली का, एवढेच विचारायचे. मग सगळे मिळून डबे उघडतील आणि चार वाजेपर्यंत मंडपात येतील. निकालाला अजून काही महिने आहेत. बाईंच्या शेजारच्या दोन खुर्च्या मायलेकींसाठी ठेवाव्यात, एवढे बबनरावांना कळवले आहे.